कपाशीवरील दोन हिरव्या पतंगांची ओळख : चिन्हे व प्रसार

कपाशी व भेंडी यांचे कोवळे शेंडे, कळ्या आणि फळे पोखरणाऱ्या कीटकास ‘ठिपक्यांची बोंडअळी’ हे एकच नाव रूढ आहे. वस्तुतः त्या नावाखाली इअरिअस वंशातील दोन भिन्न जाती मोडतात : इअरिअस व्हिटेला व इअरिअस इन्सुलाना. दोहोंचे पतंग हिरवे असून पंखविस्तार सुमारे २ सेंटिमीटर असतो. त्यामुळे संग्रहात त्यांची सरमिसळ होण्याचा संभव मोठा आहे.

व्हिटेलाचे पुढील पंख पांढुरके असून प्रत्येकाच्या मध्यातून, मुळापासून बाह्य कडेपर्यंत रुंदावत जाणारा, पाचरीच्या आकाराचा हिरवा पट्टा असतो. इन्सुलानाचा पुढील पंख एकरंगी असतो व त्यावर किंचित गडद आडव्या रेषा दिसतात. मागील पंख दोहोंत पांढुरकेच असल्याने निदानास निरुपयोगी ठरतात. कप्रिओव्हिरिडिस या तिसऱ्या जातीत पुढील पंखाची बाह्य कड तांबूस-तपकिरी असते.

इन्सुलानाचा हिरवा रंग मात्र स्थिर नव्हे. ऋतुमानानुसार तो गवती पिवळा अथवा तपकिरीही होतो. यास्तव रंगापेक्षा पट्ट्याचे अस्तित्व वा अभाव हेच लक्षण प्रमाण मानावे. खवले झडलेल्या नमुन्यात पट्टाही पुसट होतो. तेथे जननांगांचे विच्छेदन करून निर्णय घ्यावा लागतो. अळ्या उपलब्ध असल्यास इन्सुलानाच्या अंगावरील मांसल काटे अधिक लांब असतात, हेही साहाय्यक ठरते.

प्रसाराची साक्ष काही ठिकाणी निर्णायक असते. इन्सुलाना आफ्रिका व भूमध्य प्रदेशापासून भारतापर्यंत पसरलेली आहे. व्हिटेला भारतापासून आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलियापर्यंत. इजिप्तमधील नमुन्याबाबत व्हिटेलाचा विचार करण्याचे कारण नाही. भारतात मात्र दोन्ही प्रसारक्षेत्रे परस्परांवर येतात. सामान्यतः कोरड्या भागात इन्सुलाना व अधिक पावसाच्या भागात व्हिटेला प्रबळ असते. तथापि केवळ स्थळावरून महाराष्ट्रातील नमुन्याची जाती ठरविणे युक्त नव्हे.

या भेदास व्यावहारिक महत्त्व आहे. भारतात २००२ मध्ये बीटी कपाशीस अनुमती मिळाल्यानंतर त्या पिकावरील या अळ्यांचा उपद्रव घटला; भेंडीवर मात्र तो टिकून आहे. कोणत्या जातीचे प्रमाण किती पालटले, हे पाहण्यासाठी पूर्वीच्या नोंदींशी तुलना अटळ ठरते. त्या वेळी जुन्या लेखनातील ‘इअरिअस फाबिया’ ही व्हिटेलाच होय, हे ध्यानी ठेवावे. अन्यथा एकाच जातीची गणना दोनदा होईल. स्थळ, दिनांक व पोषक वनस्पती यांची नोंद नसलेला नमुना अशा तुलनेस अल्पच उपयोगी पडतो.