लघवीवरील ताबा आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू

खोकला किंवा शिंक आली, भरलेली कळशी उचलली अथवा मोठ्याने हसू आले की नकळत थोडी लघवी होणे, ही बाळंतपणानंतर असंख्य स्त्रियांची तक्रार असते. तथापि दवाखान्यात ती क्वचितच सांगितली जाते. वय झाले, आता हे असेच चालायचे, अशी मनाची समजूत घालून स्त्रिया पाणी कमी पितात, एस.टी.चा लांबचा प्रवास, लग्नकार्ये आणि ग्रामसभासुद्धा टाळतात. पाणी कमी प्यायल्याने लघवी दाट होते, मूत्राशय अधिकच चेतावते आणि त्रास वाढतो. वस्तुतः हा वार्धक्याचा अटळ भोग नव्हे. योग्य उपचाराने बहुतेक स्त्रियांना आराम पडू शकतो, आणि त्यांतील पहिला उपचार जवळजवळ बिनखर्चाचा आहे.

पुढे जघनास्थी आणि मागे माकडहाड यांच्या दरम्यान स्नायूंचा एक थर झोळीसारखा ताणलेला असतो. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना या झोळीचा आधार असून मूत्रमार्ग, योनिमार्ग व गुदमार्ग तिच्यामधूनच बाहेर येतात. पोटातील दाब एकाएकी वाढला की हे स्नायू आवळले जाऊन मूत्रमार्ग बंद ठेवतात. बाळंतपणातील ताण, स्थूलता, जुनाट खोकला, मलावरोध आणि वर्षानुवर्षे उचललेली ओझी यांमुळे झोळी सैल पडते. याखेरीज आणखी एक प्रकार आढळतो. त्यात लघवीची अनावर घाई होते आणि मोरीपर्यंत पोचण्यापूर्वीच कपडे ओले होतात. येथे दोष प्रामुख्याने अवेळी आकुंचन पावणाऱ्या मूत्राशयाचा असतो. अनेकींना दोन्ही त्रास एकत्र असतात.

या स्नायूंच्या व्यायामाला वैद्यकात स्थान मिळवून दिले ते अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी. १९४८ साली त्यांनी आपली पद्धती प्रसिद्ध केली. आकुंचनाचा दाब दाखविणारे एक साधे उपकरणही त्यांनी बनविले होते. ते कशासाठी, असा प्रश्न पडेल. दंडाचा स्नायू डोळ्यांना दिसतो, हा दिसत नाही. त्यामुळे केवळ तोंडी सूचनेवरून नेमका हाच स्नायू आवळणे अनेकींना जमत नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन परीक्षा घेण्यात आली, तेव्हा सुमारे निम्म्याच स्त्रियांचा प्रयत्न योग्य ठरला. एकचतुर्थांश स्त्रियांची रीत तर तक्रार वाढविण्याचा संभव असलेली होती, कारण आत ओढून घेण्याऐवजी त्या खाली जोर देत होत्या. व्यायामाची पत्रके वाटली की काम झाले, असे मानणाऱ्या प्रत्येक आरोग्य शिबिराने हा आकडा ध्यानी ठेवावयास हवा. प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञाने अथवा डॉक्टरांनी एकदा प्रत्यक्ष तपासून स्नायू ओळखवून देणे, हाच या उपचाराचा गाभा होय.

पोटातील वायू आणि लघवी एकाच वेळी रोखून धरावी, त्याप्रमाणे आतून वर ओढून घेणे, काही सेकंद धरणे आणि पूर्ण सैल सोडणे, अशी क्रिया असते. त्या वेळी श्वास कोंडू नये; मांड्या, नितंब व पोट आवळू नये. चालू लघवी मध्येच थांबवून व्यायाम करण्याची सवय मात्र लावून घेऊ नये. ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार एका वेळी निदान ८ आकुंचने, दिवसातून ३ वेळा आणि किमान ३ महिने, असा क्रम आहे. आठ दिवसांत फरक पडला नाही म्हणून सोडून देणाऱ्या स्त्रिया पुष्कळ असतात. स्नायूला बळ यावयास काळ लागतो, हे त्यांना आरंभीच सांगावे. खोकण्यापूर्वी किंवा ओझे उचलण्यापूर्वी क्षणभर स्नायू आवळून धरण्याची युक्तीही उपयोगी पडते.

ज्यांना स्नायू मुळीच आवळता येत नाही, त्यांच्यासाठी विद्युत्-उत्तेजनाचा विचार होतो. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक कॉल्डवेल यांनी १९६३ साली शस्त्रक्रियेने शरीरात इलेक्ट्रोड बसवून हा मार्ग अवलंबिला होता. आता सामान्यतः योनिमार्गात बोटाएवढी सळई ठेवून सौम्य प्रवाह सोडतात. स्नायू आपोआप आकसतो आणि रुग्णेला तो कोठे आहे याची जाणीव होते. दुबळ्या स्नायूसाठी सुमारे ५० हर्ट्‌झ, तर मूत्राशय शांत करण्यासाठी त्याहून बरीच कमी वारंवारता वापरण्यात येते. घाईच्या विकारात घोट्याच्या आतील बाजूला, थोडे वर बारीक सुई टोचूनही प्रवाह देतात, कारण तेथील मज्जातंतू आणि मूत्राशयाचे मज्जातंतू मणक्याच्या एकाच भागातून निघतात. आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे १२ आठवडे हा उपचार चालतो.

यंत्राचे आकर्षण मोठे असते. परंतु ज्यांना व्यायाम नीट जमतो, त्यांना यंत्राची जोड सरसकट देऊ नये, असेच उपर्युक्त ब्रिटिश सूचना सांगतात. गरोदर स्त्रिया, हृदयात पेसमेकर बसविलेले रुग्ण आणि त्या भागात जंतुसंसर्ग किंवा कर्करोग असलेले रुग्ण यांना योनिमार्गातून वा गुदमार्गातून दिला जाणारा हा विद्युत्-उपचार देत नाहीत. लघवीतून रक्त जाणे, जळजळ, लघवी तुंबणे किंवा पायांत अचानक बधिरता येणे, अशी लक्षणे असल्यास व्यायामाच्या आधी डॉक्टरी तपासणी व्हावयास हवी. प्रोस्टेट ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषांनाही हा त्रास उद्भवतो आणि त्यांनाही हेच व्यायाम शिकविले जातात. पुरुष तर ही गोष्ट घरातही बोलत नाहीत.