दुर्मिळाचा भाव (भाग ६) : क्रमांक ३११ च्या पुढे

बेसबॉलचं जुनं कार्ड हातात आलं की मुरलेला संग्राहक ते आधी उलटं करतो. मागच्या बाजूला छापलेला क्रमांक त्याला पाहायचा असतो. त्या क्रमांकावरून ते कार्ड हंगामाच्या सुरुवातीला दुकानात आलं की हंगाम सरता सरता, याचा अंदाज त्याला येतो आणि निम्मी किंमत तिथंच ठरते.

गेल्या भागात आपण सिगारेटच्या पाकिटातून आलेलं होनस वॅग्नरचं कार्ड पाहिलं. त्याची छपाई मध्येच थांबली, म्हणून ते दुर्मिळ झालं. या वेळी ज्या दुर्मिळतेविषयी लिहितो आहे, ती कुणी एकाच्या निर्णयातून आलेली नाही. ती आली छपाईच्या वेळापत्रकातून.

ब्रुकलिनमधली टॉप्स ही मुळात च्युइंगगम विकणारी कंपनी. गमचा खप वाढावा म्हणून तिनं १९५२ मध्ये ४०७ कार्डांचा मोठा संच काढला. साय बर्जर या तरुण कर्मचाऱ्यानं वुडी गेलमनच्या साथीनं तो आखला. पुढे खेळाडूचं रंगीत चित्र, सही आणि संघाचं चिन्ह, मागे त्याची आकडेवारी. आज आपल्याला हे अगदी साधं वाटतं, पण त्या पिढीच्या मुलांसाठी ते मोठं नवल होतं. ही ४०७ कार्डं एकदम बाजारात आली नाहीत. हंगाम जसा पुढे सरकला तशी ती सहा सिरीजमध्ये छापली गेली: पहिलीत १ ते ८०, मग पुढच्या, आणि शेवटची ३११ ते ४०७.

ही शेवटची सिरीज दुकानात पोचली तेव्हा बेसबॉलचा हंगाम संपत आला होता. शाळा सुरू झालेल्या, मुलांच्या तोंडी फुटबॉल. दिवाळी अंक तुळशीच्या लग्नानंतर स्टॉलवर आला तर त्याचं जे होईल, तेच या कार्डांचं झालं. दुकानदारांकडे आधीच्या सिरीजचा माल पडून होता, त्यांनी नवा उचललाच नाही. गठ्ठे कंपनीच्या गोदामात परत आले आणि वर्षानुवर्षं पडून राहिले. बर्जर यांनी स्वतः सांगितलेली हकीकत अशी, की जत्रांमधल्या खेळांच्या ठेलेवाल्यांना ती मातीमोल भावानं देऊनही संपेनात. शेवटी १९६० च्या सुमारास त्यांनी उरलेली कार्डं कचऱ्याच्या गाड्यांमध्ये भरून पडावावर चढवली आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर अटलांटिक समुद्रात सोडून दिली.

संग्राहक या शेवटच्या सिरीजला ‘हाय नंबर्स’ म्हणतात. तिच्यातल्या एखाद्या विस्मृतीत गेलेल्या खेळाडूचं कार्डही पहिल्या सिरीजमधल्या तशाच खेळाडूच्या कार्डापेक्षा कित्येक पटींनी महाग असतं. खेळाडूंमध्ये उजवं-डावं करण्यासारखं काही नसतं. फरक फक्त महिन्याचा.

पण एवढ्यावर थांबलो तर किंमतीचं कोडं अर्धंच सुटतं. या सिरीजमध्ये खेळाडू होते ९७ आणि छपाईच्या मांडणीत जागा होत्या १००. उरलेल्या तीन जागी तीन खेळाडू पुन्हा बसवले: ३११ मिकी मँटल, ३१२ जॅकी रॉबिन्सन, ३१३ बॉबी थॉमसन. म्हणजे ही तीन कार्डं शेजारच्यांपेक्षा दुप्पट छापली गेली. मँटलच्या दोन छाप्यांतला फरक भिंगाखाली दिसतो. मागच्या बाजूला क्रमांकाभोवती चेंडूचं चित्र आहे, त्याच्या शिवणीचे टाके एका छाप्यात एका दिशेला झुकलेले आहेत, तर दुसऱ्यात उलट दिशेला.

या तिघांच्या लगेच पुढे ३१४ वर रॉय कॅम्पानेला. डॉजर्सचा हा कॅचर तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि त्याचं कार्ड एकदाच छापलेलं. नुसत्या दुर्मिळतेवर भाव ठरला असता तर कॅम्पानेला मँटलच्या वर असता. प्रत्यक्षात तो पार खाली आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मँटलचं एक अत्युत्तम स्थितीतलं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरना विकलं गेलं. मँटलचं हे पहिलं कार्डही नव्हे. ते १९५१ मध्ये बोमन कंपनीनं काढलं होतं आणि त्याची किंमत टॉप्सच्या कार्डापेक्षा कितीतरी कमी आहे. न्यूयॉर्क यांकीजचा हा देखणा, दणदणीत फटके मारणारा खेळाडू पन्नाशीच्या दशकातल्या मुलांचा देव होता. ती मुलं मोठी झाली, हाताशी पैसा आला, आणि आईनं घर आवरताना टाकून दिलेला पुठ्ठ्याचा डबा ती शोधू लागली. माझ्या मते या बाजारात पुरवठ्यापेक्षा ओढीचं वजन जास्त आहे, आणि कॅम्पानेलाच्या वाट्याला मात्र हक्काचं आलेलं नाही.

तिसरी गोष्ट कार्डाची अवस्था. १९५२ च्या संचातलं पहिलं कार्ड अँडी पॅफ्को या चांगल्या, पण दंतकथा न झालेल्या खेळाडूचं. मुलं कार्डं क्रमानं लावून रबरबँड गुंडाळून ठेवायची, त्यामुळे सगळ्यात वरच्या पॅफ्कोच्या कडा कापल्या जायच्या. निष्कलंक पॅफ्को इतका विरळा, की १९९८ मध्ये तसं एक कार्ड ८० हजार डॉलरच्या पुढे गेलं.

हंगामभर सिरीज काढत राहण्याची ही पद्धत टॉप्सनं १९७३ पर्यंत चालवली. १९६३ मधलं पीट रोझचं पहिलं कार्ड (५३७) आणि १९६७ मधलं टॉम सीव्हरचं (५८१) अशाच शेवटच्या सिरीजमधली आहेत. १९७४ पासून सगळी ६६० कार्डं एकदम बाजारात आली आणि क्रमांकामागचा महिना पुसला गेला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तर कंपन्यांनी इतकी बेसुमार छपाई केली, की गुंतवणूक म्हणून जपलेले ते खोकेच्या खोके आज कुणी फारशा भावानं घेत नाही.

अमेरिकेत राहणारे काही वाचक या लेखमालेबद्दल लिहीत असतात, त्यांना एक सांगणं. जुन्या सामानाच्या विक्रीत १९५२ चा मँटल दिसला तर पैसे काढण्याआधी पट्टी काढा. मूळ कार्ड २⅝ इंच रुंद आणि पावणेचार इंच उंच आहे. टॉप्सनंच १९८३ मध्ये या संचाची पुनर्छपाई केली होती, ती कार्डं अडीच बाय साडेतीन इंचांची आहेत.