बचावाचा धडा न देणारा बचावपटू

फुटबॉलच्या खेळात बचावपटूच्या वाट्याला कीर्ती फारशी येत नाही. गोल करणाऱ्याचे नाव प्रेक्षकांच्या तोंडी होते. गोल अडविणाऱ्याची आठवण मात्र तो चुकला म्हणजेच निघते. अशा कामात ज्याची उमेदीची वर्षे गेली, तो मनुष्य पुढे संघाचा प्रशिक्षक झाला की सावधपणाचेच धडे देतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. दुधाने तोंड पोळलेल्याने ताकही फुंकून प्यावे, तसाच हा प्रकार. स्पेनचे पाको हेमेझ यांची कारकीर्द या अनुभवाला अपवाद आहे. आणि हा अपवाद केवळ स्वभावाचा नसून त्यामागे एक हिशेबही आहे, म्हणून तो समजून घेण्यासारखा आहे.

हेमेझ यांचा जन्म १९७० साली कॅनरी बेटांतील लास पाल्मास या शहरी झाला. वडील फ्लामेंको ढंगाचे गायक. हेमेझ वाढले ते मात्र अंदालुसिया प्रांतातील कोर्दोबा येथे, आणि खेळाची सुरुवातही त्याच गावच्या संघातून झाली. १९९३ साली ते देपोर्तिवो ला कोरुन्या या संघात दाखल झाले. हा संघ त्या काळी बचावाच्या भक्कमपणाबद्दल प्रसिद्ध होता. १९९३-९४ च्या मोसमात ३८ सामन्यांत त्याच्यावर केवळ १८ गोल झाले. एवढे असूनही अजिंक्यपद त्याला मिळाले नाही. शेवटच्या सामन्यात विजय हवा असताना, अखेरच्या क्षणी मिळालेली पेनल्टी वाया गेली, सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, आणि ५६ गुणांवर बार्सिलोनाशी बरोबरी होऊनही परस्परांतील सामन्यांच्या निकालांवरून मुकुट बार्सिलोनाकडे गेला. अभेद्य तटबंदीनेही सर्व काही साधत नाही, हे हेमेझ यांना पहिल्याच वर्षी पाहावयास मिळाले.

पुढे १९९५ साली देपोर्तिवोने आणि २००१ साली सारागोसाने राजचषक जिंकला. दोन्ही वेळी हेमेझ त्या त्या संघात होते. स्पेनच्या राष्ट्रीय संघातून ते २१ सामने खेळले आणि २००० सालच्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेतही त्यांनी भाग घेतला. एका मेहनती बचावपटूची ही सन्मानाची कारकीर्द होय.

परंतु नामवंत खेळाडू म्हणून प्रशिक्षकाची गादी त्यांना आयती मिळाली नाही. स्पेनमधील फुटबॉलची रचना जिन्यासारखी आहे. वरच्या पायरीवर २० संघ. त्यांतील शेवटचे तीन दरवर्षी खाली उतरतात आणि खालचे तीन वर चढतात. हेमेझ यांनी आरंभ केला तो अगदी खालच्या पायऱ्यांवर. अल्काला हा लहानसा संघ, नंतर कोर्दोबा, त्यानंतर कार्ताहेना, अशी ही वाटचाल होती. कार्ताहेनाला २००९ साली त्यांनी दुसऱ्या श्रेणीत चढविले. पुढे लास पाल्मास आणि मग पुन्हा कोर्दोबा. २०११-१२ मध्ये कोर्दोबाला त्यांनी पहिल्या श्रेणीच्या उंबरठ्यापर्यंत नेले. पण बढतीच्या निर्णायक सामन्यांत वायादोलीद संघाने त्यांची वाट अडविली.

त्याच वर्षी त्यांच्याकडे रायो वायेकानो हा संघ आला. वायेकास ही माद्रिदची कष्टकऱ्यांची वस्ती. १९५० पर्यंत ते निराळे गाव होते. दक्षिणेकडून पोटासाठी आलेल्या कुटुंबांनी ते वाढविले. संघाचे मैदानही वस्तीसारखेच दाटीवाटीचे आहे. प्रेक्षकांच्या बैठका तीनच बाजूंना. चौथ्या बाजूला केवळ भिंत, आणि पलीकडे उभ्या इमारतींच्या खिडक्यांतून लोक सामना पाहतात. संघ कर्जात बुडालेला होता, व न्यायालयीन देखरेखीखाली त्याचा कारभार चालू होता. २०१२ च्या मे महिन्यात अखेरच्या सामन्याच्या जादा मिनिटांत झालेल्या एका गोलामुळे तो पहिल्या श्रेणीत कसाबसा टिकला होता.

अशा दुबळ्या संघाने काय करावे? रूढ उत्तर असे की, आपल्या गोलापुढे दहा जण उभे करावेत, चेंडू मिळताच दूर टोलवावा आणि बरोबरीची आशा धरावी. हेमेझ यांनी नेमके उलट केले. गोलरक्षकाने चेंडू लांब न मारता जवळच्या सहकाऱ्याला द्यावयाचा. मधल्या दोन बचावपटूंनी दोन बाजूंना पांगून तो पुढे न्यावयाचा. कडेच्या बचावपटूंनी आघाडीच्या मदतीला धावावयाचे. आणि संपूर्ण बचावफळीने मैदानाच्या मध्यरेषेपर्यंत पुढे सरकून उभे राहावयाचे. चेंडू आपल्या पायाशी असेल तोवर प्रतिपक्ष गोल करू शकत नाही, हे यातले साधे तत्त्व. यातला धोकाही तितकाच उघड होता. बचावफळीच्या पाठीमागे जवळजवळ अर्धे मैदान मोकळे राही, आणि प्रतिपक्षाचा एक अचूक लांब टोला सारा डाव उधळून टाकी.

मग हा धोका पत्करण्यात शहाणपण कोणते? ते गुणांच्या हिशेबात आहे. १९९४ साली विजयाला दोन गुण होते आणि बरोबरीला एक. त्या पद्धतीत तीन बरोबऱ्या करणारा संघ तीन गुण मिळवी, तर एक विजय व दोन पराभव पदरी असणारा दोनच. म्हणजे भित्रेपणा फायद्याचा होता. १९९५-९६ पासून स्पेनमध्ये विजयाला तीन गुण मिळू लागले. आता दोन पराभव सोसून एकदा जिंकणारा आणि तिन्ही वेळा बरोबरी करणारा, दोघे सारखेच ठरतात. दुसरा एखादा विजय मिळाला की धाडसी संघ पुढे निघून जातो.

२०१२-१३ मध्ये रायोने ३८ पैकी १६ सामने जिंकले, १७ हरले, आणि केवळ पाच बरोबरीत सोडविले. केलेले गोल ५०, खाल्लेले ६६. झालेल्या गोलांचा आकडा पाहिला तर संघ बुडावयास हवा होता. प्रत्यक्षात ५३ गुणांसह तो आठवा आला. संघाच्या तोवरच्या इतिहासातील ही सर्वोत्तम कामगिरी होती. पण आर्थिक स्थितीमुळे रायोला युरोपीय स्पर्धेचा परवाना मिळाला नाही. वरच्या स्थानावरील मालागालाही बंदी होती. त्यामुळे नवव्या आलेल्या सेवियाला प्रवेश मिळाला, आणि त्या संघाने पुढील वर्षी ती स्पर्धा जिंकली. मैदानावर जिंकलेले हिशेबाच्या वहीत हरावे लागले, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

सप्टेंबर २०१३ मध्ये बार्सिलोनाने रायोला वायेकासमध्येच ४-० असे हरविले. तरीही दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती रायोची. कारण पाच वर्षांत, तीनशेहून अधिक सामन्यांनंतर, बार्सिलोनापेक्षा अधिक वेळ चेंडू आपल्या ताब्यात ठेवणारा हा पहिलाच संघ होता. याच मार्गाचे दुसरे टोक डिसेंबर २०१५ मध्ये दिसले. रेआल माद्रिदविरुद्ध रायो २-१ ने पुढे होता. मग त्याचे दोन खेळाडू बाहेर काढले गेले आणि सामना १०-२ असा संपला. त्याच मोसमाच्या शेवटच्या दिवशी लेवान्तेवर ३-१ असा विजय मिळवूनही रायो एका गुणाने मागे पडून खालच्या श्रेणीत गेला.

तथापि वायेकासची हेमेझ यांच्याविषयीची आठवण केवळ गुणतक्त्याची नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात त्या वस्तीतील ८५ वर्षांच्या एका वृद्धेला, मुलाने घेतलेल्या कर्जापायी, अनेक दशकांच्या राहत्या घरातून पोलिसांनी बाहेर काढले. संघाचे खेळाडू व मार्गदर्शक तिच्या घरभाड्याचा भार उचलतील, असे हेमेझ यांनी जाहीर केले. स्वतः कर्जात असलेल्या संघाने हे ओझे स्वीकारले, यावरून वस्ती आणि संघ यांचे नाते किती जवळचे होते ते कळते.

त्यानंतरचा प्रवास खडतर झाला. ग्रानादाने अवघ्या सहा सामन्यांनंतर त्यांना निरोप दिला. मेक्सिको, पुन्हा लास पाल्मास, २०१९ मध्ये पुन्हा रायो, पुढे दुसऱ्या श्रेणीतील इबिसा, आणि २०२३ साली इराणमधील तबरीझ असे मुक्काम घडले. हट्ट सोडला असता तर काही पराभव टळले असते, असे टीकाकार म्हणतात. त्यात तथ्य आहे. तटबंदीला केव्हा खिंडार पडते, हे एका बचावपटूला न कळण्याचे कारण नव्हते. ते कळत असूनही हेमेझ यांनी दार उघडे ठेवले. कारण दाराआड दबून बसलेल्या संघाला हरणे टळेलच याची खात्री नसते, आणि खेळल्याचे समाधान तर मुळीच लाभत नाही. वायेकासच्या खिडक्यांतून चार मोसम सामने पाहणाऱ्यांना ते समाधान पुरेपूर मिळाले.