गृहचित्रपटगृहासाठी पडद्याच्या पृष्ठभागाची निवड : नाशिकमधील घरांच्या संदर्भात

बीजसंज्ञा : प्रक्षेपण, पडदा, विसरित परावर्तन, गेन, खोलीतील प्रकाश, गृहचित्रपटगृह

प्रस्तावना

भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटानंतर त्यांनी आपले चित्रनिर्मितीचे कार्य नाशिक येथे हलविले आणि १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी याच शहरात उभी राहिली. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेले त्यांचे स्मारक नाशिककरांना सुपरिचित आहे. चित्रपटाच्या इतिहासलेखनात कॅमेरा, फिल्म, कलावंत आणि कथानक यांची चर्चा विपुल आढळते. ज्यावर हे सारे दिसते त्या पडद्याची चर्चा मात्र क्वचितच होते. घरासाठी प्रोजेक्टर घेतानाही हेच घडते. गंगापूर रोड किंवा इंदिरानगर परिसरातील एखादे कुटुंब प्रोजेक्टरसाठी मोठी रक्कम खर्च करते आणि पडदा विक्रेता देईल तो स्वीकारते. नंतर चित्र फिके दिसू लागले की दोष प्रोजेक्टरला दिला जातो. प्रस्तुत लेखात पडद्याच्या पृष्ठभागाचे कार्य कसे चालते आणि त्याची निवड मुख्यतः खोलीवरून का करावी, याचे विवेचन केले आहे.

पडदा प्रकाश निर्माण करीत नाही

पडद्यापाशी स्वतःचा प्रकाश नसतो. त्याच्यावर पडलेला प्रकाश तो केवळ परत पाठवितो. आदर्श विसरित परावर्तक पृष्ठभाग, ज्याचे गणित योहान लॅम्बर्ट याने १७६० मध्ये मांडले, कोणत्याही दिशेने पाहिला असता सारखाच उजळ दिसतो. अशा पांढऱ्या संदर्भ पृष्ठभागाच्या तुलनेत पडदा समोरून किती उजळ दिसतो, त्या गुणोत्तरास बाजारात ‘गेन’ म्हणतात. मॅट पांढऱ्या पडद्याचा गेन १ च्या आसपास असतो. गेन १.८ असलेला पडदा जवळजवळ दुप्पट उजळ दिसतो, परंतु हा जादा प्रकाश कोठून तरी काढून घेतलेला असतो. बाजूंना जाणारा प्रकाश कमी करून तो समोर वळविलेला असतो. गेन हा शब्द लाभ सुचवितो. प्रत्यक्षात ती एका दिशेचा प्रकाश दुसऱ्या दिशेस देण्याची व्यवस्था होय.

याचा परिणाम बैठकीवर होतो. समजा, पडदा सुमारे २.२ मीटर रुंद आहे आणि प्रेक्षक ३ मीटर अंतरावर, मध्यापासून १.८ मीटर उजवीकडे बसला आहे. पडद्याची उजवी कड त्याला सुमारे १३ अंशांच्या कोनात, तर डावी कड सुमारे ४४ अंशांच्या कोनात दिसते. अधिक गेनच्या पडद्यावर त्याला जवळची कड उजळ आणि दूरची मंद दिसणार. मधोमध बसलेल्यास पडद्याच्या मध्यभागी प्रकाशाचा ठिपका जाणवणार. आपल्याकडील घरांत चित्रपट पाहण्याची रीत एका सोफ्यापुरती मर्यादित नसते. कोणी दिवाणावर, कोणी खाली गादीवर, आजी कडेच्या आरामखुर्चीत असा हा विस्तार असतो. अशा घरास मॅट पांढराच पृष्ठभाग अधिक न्याय देतो.

मुळात अधिक गेनची गरज किती वेळा असते? डिजिटल चित्रपटगृहांसाठी पांढऱ्या रंगाची उजळता दर चौरस मीटरला ४८ कॅन्डेला अशी प्रमाणित आहे. १०० इंच कर्णाच्या, १६:९ प्रमाणाच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे २.७६ चौरस मीटर भरते. गेन १ धरल्यास ही उजळता गाठण्यास पडद्यावर प्रत्यक्ष सुमारे ४२० ल्यूमेन प्रकाश पुरतो. १२० इंचांसाठी सुमारे ६०० आणि १५० इंचांसाठी सुमारे ९४०. माहितीपत्रकातील दोन-तीन हजार ल्यूमेनचा आकडा चित्रपटासाठीच्या रंगयोजनेत बराच खाली येतो हे मान्य केले, तरी अंधाऱ्या खोलीतील १०० इंचांच्या पडद्यास गेन वाढविण्याचे सबळ कारण उरत नाही.

काळा रंग आणि खोली

पांढरा रंग प्रोजेक्टर देतो. काळा रंग खोली देते. पडद्यावरील काळा म्हणजे प्रोजेक्टरने प्रकाश टाकलेला नाही असा भाग. तेथे खोलीतील जो प्रकाश पडतो तोच त्या ‘काळ्या’ची उजळता ठरवितो. वरील उदाहरणातील ४२० ल्यूमेन पडद्यावर पसरले की सुमारे १५० लक्स होतात. खोलीतील ट्यूबलाइटमुळे पडद्यावर १०० लक्स प्रकाश पडत असेल, तर पांढऱ्याच्या जागी २५० आणि काळ्याच्या जागी १०० लक्स राहतात. पांढऱ्या-काळ्यातील फरक अडीच पटींवर येतो. प्रोजेक्टर २५०० ल्यूमेनचा घेतला तरी हे गुणोत्तर सुमारे दहा पटींपर्यंतच पोचते. या गणितात पडद्याचा गेन कोठेही आलेला नाही. सर्व दिशांना सारखा परावर्तन करणारा पडदा पांढरा असो वा राखाडी, दोन्ही प्रकाश तो सारख्याच प्रमाणात परत पाठवितो. त्यामुळे केवळ राखाडी पडदा लावल्याने दिवे चालू असलेल्या खोलीतील चित्र सुधारते हा समज टिकत नाही. चित्र काहीसे गडद होते. पांढऱ्या-काळ्यातील फरक तेवढाच राहतो.

मग राखाडी पडद्याचे प्रयोजन काय? ते दिवे बंद केल्यावर समजते. नव्या सदनिकेत भिंती पांढऱ्या, छत पांढरे आणि जमिनीवर चकचकीत विट्रिफाइड फरशी असते. सर्व दिवे मालवले तरी पडद्यावरचा प्रकाश भिंतींवर व छतावर जातो आणि तेथून पुन्हा पडद्यावर येतो. आकाशाचे मोठे दृश्य आले की संपूर्ण खोली उजळते आणि त्याच चित्रातील सावल्या धुऊन निघतात. या परतीच्या प्रकाशाला पडद्यावरून दोनदा परावर्तित व्हावे लागते, मूळ चित्राला एकदाच. पडद्याचा गेन ०.८ असेल तर चित्र ०.८ पट राहते, तर परत आलेला प्रकाश ०.८ च्या वर्गाने, म्हणजे ०.६४ पटीने उरतो. पांढऱ्या भिंतींच्या खोलीत राखाडी पडदा उपयोगी ठरतो तो या कारणाने. २००० च्या सुमारास राखाडी पडद्यांना जी मागणी आली, तिचे आणखी एक कारण त्या वेळच्या डिजिटल प्रोजेक्टरांना पुरेसा काळा रंग देता येत नव्हता, हे होय. जुन्या वाड्यातील सागवानी तुळया आणि गडद लाकडी छत असलेल्या माजघरात मात्र राखाडी पडद्याचे फारसे काम नाही. ती खोली आधीच अनुकूल असते.

मराठीत खिडकीवरचाही पडदाच आणि चित्रपटाचाही पडदाच, ही गंमत येथे अर्थपूर्ण ठरते. पश्चिमेकडील खिडकीतून उन्हाळ्यात संध्याकाळी उशिरापर्यंत प्रकाश येतो. तेव्हा खिडकीचा जाड अस्तराचा पडदा आधी आणि चित्राचा पडदा नंतर, हा क्रम योग्य होय. पडद्यालगतचे छत व बाजूच्या भिंती यांच्या पहिल्या चार-पाच फुटांना गडद मॅट रंग दिला तरी फरक स्पष्ट दिसतो. याचा खर्च रंगाच्या एका डब्याचा. हे काम कोणताही विक्रेता सुचवीत नाही.

दिशा ओळखणारे पृष्ठभाग

दिव्यांचा प्रकाश आणि प्रोजेक्टरचा प्रकाश यांत भेद करावयाचा तर पृष्ठभागाला दिशेचे भान असावे लागते. बाहेरील प्रकाश नाकारणारे म्हणून जे पडदे विकले जातात, ते याच तत्त्वावर चालतात. भिंतीलगत खाली ठेवावयाच्या अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टरसाठीच्या पडद्यावर अतिसूक्ष्म आडव्या पन्हळी असतात. त्यांची खालची बाजू परावर्तक आणि वरची काळी असते. खालून येणारे चित्र प्रेक्षकाकडे जाते. छतावरील दिव्याचा प्रकाश काळ्या बाजूवर शोषला जातो. रचना चतुर आहे, परंतु ती वरून येणाऱ्या प्रकाशापुरती आहे. बाजूच्या खिडकीतून आडव्या दिशेने येणाऱ्या प्रकाशाला ती फारशी अडवीत नाही. छताला टांगलेल्या प्रोजेक्टरसमोर हा पडदा लावल्यास काळी बाजू चित्रच शोषून घेते. पडदा आणि प्रोजेक्टरची जागा यांची जोडी येथे तोडता येत नाही.

या प्रोजेक्टरसाठी पृष्ठभाग सपाट असणेही अत्यावश्यक असते. प्रकाशकिरण पडद्याला जवळजवळ घासून वर जातात. भिंग पडद्यापासून ४० सेंटिमीटरवर आणि चित्राची वरची कड भिंगापासून दीड मीटर उंच असेल, तर पडद्यावरील एक मिलिमीटरचा उंचवटा चित्राला तेथे जवळजवळ चार मिलिमीटर सरकवितो. गुंडाळीचा पीव्हीसी पडदा काही उन्हाळे काढल्यावर कडांना वळतो. साध्या प्रोजेक्टरसमोर ही लहर खपून जाते. येथे सरळ रेषा वाकडी दिसते. म्हणून चौकटीवर ताणलेला किंवा कडक पाठीचाच पडदा घ्यावा.

महाविद्यालयांच्या भांडारांत अजूनही तिपाईवर उभे राहणारे, काचमण्यांचे जुने पडदे सापडतात. बारीक काचमणी प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत पाठवितात. स्लाइड प्रोजेक्टर टेबलावर, प्रेक्षकांच्या मधोमध ठेवला जात असे तेव्हा हे अगदी योग्य होते. आता प्रोजेक्टर छताला असतो. मणी आपले काम निष्ठेने करतात आणि उत्तम चित्र छताकडे पाठवितात. असा पडदा फुकट मिळाला म्हणून घरी आणणे लाभाचे नाही. शिवाय तो पुसताही येत नाही. मणी निघून डाग पडतात. वर्गातील चकचकीत व्हाइटबोर्डचा पडदा म्हणून होणारा वापर याहूनही वाईट. त्यात प्रोजेक्टरच्या दिव्याचेच प्रतिबिंब दिसते आणि मागच्या बाकावरील विद्यार्थी मान तिरकी करून वाचतात.

कापड, भोके आणि भिंत

गणेशोत्सवात चौकात कापडी पडदा बांधून चित्रपट दाखवीत, तेव्हा लोक पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसत. मागच्यांना नायक डावखुरा दिसे आणि श्रेयनामावली उलटी. तरी चित्र दिसे. मागे जे चित्र दिसत होते, तो पुढच्या प्रेक्षकांच्या वाट्याचा प्रकाश होता. घरी पांढरी चादर लावणाऱ्याचेही हेच नुकसान होते, आणि पांढऱ्या भिंतीवर आदळून तो प्रकाश पुन्हा पुढे येत असल्याने चित्राच्या कडाही मऊ होतात. कापडाला मागून काळे अस्तर लावल्यास हा दुसरा दोष जातो, पहिला राहतो. निळीत घातलेले कापड टाळावे. त्याची निळसर झाक त्वचेच्या रंगात उतरते.

‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात प्रदर्शित झाला आणि आपल्याकडे बोलपटांचे युग सुरू झाले. बोलपटात आवाज पात्राच्या तोंडून आल्यासारखा वाटावा म्हणून ध्वनिक्षेपक पडद्यामागे ठेवण्याची पद्धत रूढ झाली आणि पडद्याला बारीक भोके आली. घरीही ध्वनिक्षेपक मागे ठेवावयाचा असेल तर भोकांचा किंवा विणीचा पडदा मिळतो. मात्र भोकांतून काही प्रकाश जातो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न विणीचा आहे. १०० इंचांच्या पडद्यावर १९२० बिंदूंच्या चित्रातील एक बिंदू सुमारे १.१५ मिलिमीटरचा आणि ३८४० बिंदूंच्या चित्रातील सुमारे ०.५८ मिलिमीटरचा असतो. भोकांतील अंतर या मापाच्या जवळ आले की चित्रावर लहरींची नक्षी उमटते.

राहता राहिली भिंत. गिलावा सपाट असेल, पुट्टी नीट घासलेली असेल आणि वर तकाकी नसलेला पांढरा इमल्शन रंग असेल, तर भिंत ही मॅट पांढऱ्या पडद्याच्या बरीच जवळ जाते. साटीन किंवा ग्लॉस प्रकारचा रंग येथे घेऊ नये. चित्राभोवती चार बोटे रुंदीची काळ्या मखमलीची किंवा मॅट काळ्या रंगाची चौकट केल्यास कडांवरील सांडलेला प्रकाश शोषला जातो आणि डोळ्याला काळा अधिक काळा वाटतो. बहुसंख्य कुटुंबांनी पहिले सहा महिने अशाच भिंतीवर चित्र पाहावे आणि त्यानंतर पडद्याचा विचार करावा. त्या अवधीत प्रोजेक्टरची कायमची जागा, बैठकीची खरी रुंदी आणि दिवे किती वेळा चालू राहतात हे कळून येते.

निवडीपूर्वी विक्रेत्याकडून दोन-तीन पृष्ठभागांचे वीतभर तुकडे मागून घ्यावेत आणि ते भिंतीवर शेजारीशेजारी चिकटवावेत. परिचित चित्रपटातील रात्रीचा एक प्रसंग आणि भर उन्हातील एक प्रसंग त्यांवर पाहावा. प्रथम मधोमध बसून, मग आजीच्या खुर्चीतून. एकदा सायंकाळी खिडकीतून उजेड येत असताना आणि एकदा रात्री जेवणानंतर, दिवे मालवून.