मुंबई आर्मीचा लाल कोट आणि त्याची कॉलर

साष्टी बेट, म्हणजे आजचे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर. १७७४च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला पडला आणि हा सगळा मुलूख मराठ्यांकडून इंग्रजांकडे गेला. पुढच्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई आर्मीत मराठे, महार, बेने इस्रायली असे आपल्याच भागातले शिपाई होते. त्यांच्या गणवेशावर मी तासन्‌तास बोलू शकतो!

शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार, सुभेदार-मेजर अशी देशी पायऱ्यांची उतरंड होती. सुभेदार-मेजरच्या वर मात्र गोरे अधिकारीच. १८२४ मध्ये दोन बटालियनींची मिळून एक रेजिमेंट ही जुनी रचना मोडून प्रत्येक बटालियन स्वतंत्र रेजिमेंट झाली आणि तिला नवा क्रमांक मिळाला.

बहुतेक पायदळ पलटणींचा कोट लालच. मग एक पलटण दुसरीपासून ओळखायची कशी? कॉलर आणि बाह्यांच्या टोकाला वेगळ्या रंगाचं कापड असे, त्याला फेसिंग म्हणतात. पाचव्या रेजिमेंटचं फेसिंग काळं. तिच्या शिपायांनी १८४० मध्ये बलुचिस्तानातला काहानचा किल्ला महिनोन्‌महिने लढवला आणि पुढच्याच वर्षी पलटणीला ‘लाइट इन्फंट्री’ हा किताब मिळाला. चौथी रेजिमेंट रायफल्सची, तिचा कोट गडद हिरवा. सिंधमधल्या बलुच पलटणीही मुंबई आर्मीतल्याच, हिरव्या कोटाखाली लाल विजारी घालणाऱ्या. माझ्या मते सगळ्यांत देखणा गणवेश त्यांचाच.

ती काळ्या फेसिंगची पाचवी आजही मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन आहे, टोपणनाव ‘काली पांचवी’. जुन्या चित्रात लाल कोट दिसला, तर आधी कॉलर बघा.