यंत्राच्या पोटांतील ग्रंथ आणि त्याची सूची

सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मालवणच्या दक्षिणेस तारकर्ली नांवाचें गांव आहे. एका बाजूस अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूस कर्ली नदीची खाडी, आणि पुढें देवबागेकडे निमुळती होत गेलेली वाळूची पट्टी, अशी तेथील जागा. हल्लीं तेथील अनेक घरांत पाहुणे उतरतात, आणि त्यांचा हिशेब संगणकावर ठेवणारे लोकहि आहेत. मे २०२१ मध्यें तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेलें, तेव्हां सिंधुदुर्गांतील अनेक गांवांची वीज आणि दूरध्वनि बंद पडले. अशा दिवशीं एखाद्या घरांत बॅटरीवर चालणारा लिनक्स जातीचा संगणक असावा, बॅटरी संपण्यापूर्वीं हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावयाची असावी, आणि नेमकी ती कृति आठवूं नये! मग विचारावयाचें कोणाला? इंटरनेट नाहीं, मालवणास फोन लागत नाहीं. या प्रश्नाचें उत्तर त्या संगणकाच्याच पोटांत असतें. मात्र तें सांपडेल कीं नाहीं, हें एका लहानशा सूचीवर अवलंबून असतें.

या यंत्रस्थ ग्रंथास ऑनलाइन मॅन्युअल म्हणतात. आजच्या कानांना ऑनलाइन म्हटलें कीं इंटरनेट आठवतें. मूळ अर्थ एवढाच कीं, कागदाऐवजीं यंत्रावरच वाचावयास ठेवलेलें हस्तपुस्तक. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांच्या युनिक्स प्रणालीचें पहिलें हस्तपुस्तक निघालें, त्यावर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. तीच परंपरा लिनक्सनें चालविली. प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र पान. पानाच्या आरंभीं आज्ञेचें नांव आणि तिचें काम सांगणारी एक ओळ. पुढें रूप, वर्णन, उदाहरणें. पानें विभागांत वांटलेलीं असतात. एकच नांव दोन विभागांत आढळतें, जसें क्रॉनटॅब: पहिल्या विभागांत तें आज्ञेचें नांव, पांचव्यांत त्या आज्ञेला लागणाऱ्या फाइलीच्या मांडणीचें.

आज्ञेचें नांव ठाऊक असेल तर मॅन हा शब्द आणि पुढें तें नांव लिहिलें कीं पान उघडतें. अडचण येते ती नांव ठाऊक नसतांना. ‘प्रत करणें’ एवढेंच मनांत आहे. आज्ञेला ‘सीपी’ म्हणतात हें कोणीं सांगावें? त्यासाठीं ‘अप्रोपो’ नांवाची आज्ञा आहे. तिला विषयाचा इंग्रजी शब्द द्यावा, म्हणजे तो शब्द ज्यांच्या नांवांत वा एका ओळीच्या परिचयांत आला असेल त्या सर्व पानांची यादी ती पुढें ठेवते. पण अप्रोपो ही पानें चाळीत बसत नाहीं. पानें हजारोंनीं असतात. ती पाहते केवळ सूची.

ही सूची ‘मॅनडीबी’ नांवाचा प्रोग्रॅम तयार करतो. प्रत्येक पानाचें नांव, त्याचा विभाग, परिचयाची ओळ आणि पान शेवटीं केव्हां बदललें ती वेळ, इतकें तो टिपून ठेवतो. जॉन ईटन यांनीं १९९० च्या सुमारास ज्याचा आरंभ केला, तें हें काम २००१ पासून कॉलिन वॉटसन सांभाळीत आले आहेत. सूची ज्या कप्प्यांत राहते त्याचें नांव ‘कॅश’. हा शब्द ऐकून रोख रकमेची आठवण होते, पण त्याचें मूळ फ्रेंच भाषेंतील ‘लपवून ठेवणें’ या अर्थाच्या धातूंत आहे. आपण त्याला साठवण म्हणूं. या साठवणीचा नियमच असा कीं, तींतील कोणतीहि वस्तु नाहींशी झाली तरी मूळ माहितीवरून ती पुन्हां करतां आली पाहिजे.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे खंड ज्यांनीं हाताळले असतील, त्यांना मोठ्या ग्रंथांत सूचीची किंमत सांगावयास नको. परंतु छापलेल्या ग्रंथाला एक सोय आहे: त्याचीं पानें रात्रींतून बदलत नाहींत. यंत्रावरील ग्रंथाचीं बदलतात. नवा प्रोग्रॅम घातला कीं पानें वाढतात, काढला कीं जातात. कर्लीच्या मुखाशीं वाळूचा दांडा सरकतो, आणि गेल्या वर्षींच्या खुणेवर विसंबलेली होडी रुतते. जुन्या सूचीचें तसेंच आहे. त्यांतहि वाईट गोष्ट ही कीं, जुनी सूची अज्ञान कबूल करीत नाहीं. ‘योग्य असें कांहीं नाहीं’ असें ती शांतपणें सांगते, आणि पान तर दोन कप्पे पलीकडे पडून असतें! माणूस समजतो, ही सोयच आपल्या यंत्रांत नाहीं. माझ्या मतें न उघडणाऱ्या पानापेक्षां हें उत्तर अधिक घातक.

म्हणून सूची वेळोवेळीं ताजी करावी लागते. मॅनडीबी दर वेळीं सर्व ग्रंथ वाचीत नाहीं. कप्प्यांत मागील खेपेपासून बदल झाला नसेल तर तो पुढें जातो. बदल असेल तेथें नवीं पानें घेतो आणि गेलेल्यांचीं नांवें खोडतो. डेबियन प्रणालींत, आणि पुण्यांत मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेनें तिच्यावरून केलेल्या ‘बॉस’ प्रणालीसारख्या भावंडांत, नवीन प्रोग्रॅम बसविला कीं हें काम आपोआप होतें. शिवाय दिवसाकांठीं एकदां तें योजलेलें असतें. पूर्वीं अशीं कामें रात्रीं ठरलेल्या वेळीं होत. मोठ्या संस्थांचीं यंत्रें रात्रंदिवस चालत, त्यांना तें ठीक होतें. घरगुती यंत्र रात्रीं बंद असतें, आणि वेळ चुकली कीं काम राहून जाई. आतां चुकलेलें काम यंत्र पुन्हां सुरू झाल्यावर करून घेण्याची व्यवस्था आहे. हल्लीं संगणकाचा वेग वाढविण्याच्या हौसेनें कांहीं लोक ही योजना बंद करतात. वांचतात थोडे क्षण, आणि सूची शिळी होत जाते.

वीज मध्येंच गेली तर? मॅनडीबी चालू सूचीला हात लावीत नाहीं. वेगळ्या प्रतीवर काम करून शेवटीं अदलाबदल करतो. त्यामुळें जुनी सूची बहुधा शाबूत राहते, आणि नुसत्या आंकड्यांचें नांव असलेली अर्धवट फाइल मात्र मागें सांपडते. सूचीच बिघडल्याचा संशय आल्यास प्रशासकाच्या अधिकारानें ‘मॅनडीबी’ आणि पुढें ‘वजा सी’ असें लिहावें. जुनी सूची टाकून तो नवी रचतो. हें करतांना भिण्याचें कारण नाहीं, कारण मूळ पानांना धक्का लागत नाहीं. तेवढाहि अवसर नसेल तर ‘मॅन’ पुढें ‘वजा’ आणि मोठ्या लिपींतील ‘के’ लिहून शब्द द्यावा, म्हणजे यंत्र पानांचा मजकूरच शोधूं लागतें. वेळ लागतो, पण वादळाच्या दिवशीं बॅटरी शिल्लक असेतों तोहि मार्ग आहे.

एक गोष्ट मराठी माणसानें ध्यानांत घ्यावी. मॅनडीबी प्रत्येक भाषेच्या पानांची सूची निराळी ठेवतो, पण ती बनते पानाच्या त्या एका ओळींतून. इंग्रजी पानांच्या सूचींत ‘नक्कल’ शब्द शोधणाऱ्यास कांहीं मिळणार नाहीं. उद्यां कोणी हीं पानें मराठींत उतरवावयास बसला, तर त्या पहिल्या ओळींत ‘नक्कल’ हा शब्द असावा आणि ‘प्रत’ हाहि असावा. तारकर्लीचा माणूस कोणता शब्द घेऊन विचारावयास येईल, हें यंत्राला आधीं ठाऊक नसतें.