फोटो लहान करा, पण पारखून!



गेल्या पावसाळ्यात आपल्या एका सभासदाने उसाच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर शेतकी विभागाकडे धाडला. पानावर ठिपके होते. तांबेरा आहे की तपकिरी ठिपके, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पण फोटो लवकर जावा म्हणून त्यांनी तो आधीच अगदी बारीक करून घेतलेला. मोठा करून पाहिला, तर नुसते धुरकट चौकोन! अखेर माणूस प्लॉटवर पोचेपर्यंत चार दिवस गेले आणि रोग पुढच्या सऱ्यांत शिरला.

म्हणून हा लेखप्रपंच.

फोटो बारीक ठिपक्यांचा बनतो. त्यांना पिक्सेल म्हणतात. १२ मेगापिक्सेलच्या मोबाईलवरचा उभा फोटो साधारण ३००० रुंद व ४००० उंच, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेलचा असतो. इन्स्टाग्रामवर १०८० रुंद व १३५० उंच हा आकार चांगला बसतो. आता हिशेब करू. त्याच प्रमाणात ३००० रुंदीला उंची येते ३७५०. म्हणजे उंचीतले २५० पिक्सेल आधी कापावेत आणि मगच फोटो लहान करावा. तसं न करता तो दाबून बसवला, तर माणूस बुटका अन् ऊस जाड दिसतो! कापतानाही जपून, तुरा राहिला आणि शेतकऱ्याचं डोकं गेलं, असं व्हायला नको.

शेताचा, सत्काराचा, हळदीकुंकवाचा फोटो खुशाल लहान करून टाका. रोग-किडीच्या फोटोचं मात्र वेगळं. तो जवळून, उजेडात, पानाच्या दोन्ही बाजूंनी काढा आणि व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. तसा पाठवला की तो आहे तसाच पोचतो. नेहमीसारखा पाठवला तर व्हॉट्सॲप आपणहून त्याचा आकार कमी करते.

आणखी एक. काकवीचा पुन्हा रस होत नाही, तसा लहान केलेला फोटो ताणून मोठा केला, तरी गेलेला बारकावा परत येत नाही. म्हणून जे काही कराल ते नकलेवर करा. मूळ फोटो बेण्यासारखा राखून ठेवा.

सभासदांनी एवढी काळजी घेतली, तर मोबाईलवरूनही निदान वेळेवर होईल आणि ऊस वाचेल. सहकार्य करावे, ही विनंती.